खोलीची रचना आणि सबवूफरचा खर्ज

दुकानात भरदार वाजणारा सबवूफर घरी आणल्यावर कधी नुसताच घुमतो, तर कधी अगदीच दुबळा वाटतो. हा दोष बहुधा यंत्राचा नसून खोलीचा असतो. हे ध्यानात न आल्याने अनेकजण अधिक मोठा सबवूफर विकत घेतात आणि दोष आणखी वाढवून बसतात.

लहरी मोठ्या, खोली लहान

घरगुती सबवूफर साधारणपणे २० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी निर्माण करतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. त्यामुळे ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेआठ मीटर भरते. नेहमीची बैठकीची खोली याहून लहान असते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि ठरावीक कंपनसंख्यांना खोलीत स्थिर तरंग तयार होतात.

समोरासमोरील दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने ध्वनीच्या वेगाला भागले असता अशी पहिली कंपनसंख्या मिळते. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ती अनुक्रमे सुमारे ३४, ४३ आणि ५७ हर्ट्झ येते. संगीतातील हे स्वर अकारण फुगतात व रेंगाळतात. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असल्यास तिन्ही कंपनसंख्या एकाच ठिकाणी येतात. म्हणून चौकोनी ठोकळ्यासारखी खोली सर्वांत गैरसोयीची ठरते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भक्कम भिंती खर्जाचा फारच थोडा अंश शोषतात, त्यामुळे तेथे हा परिणाम अधिक जाणवतो.

जागेचे महत्त्व

स्थिर तरंगाचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो, तर पहिल्या तरंगाचा दाब खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणूनच भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज अंगावर येतो आणि मध्यभागी बसलेल्याला तो हरवल्यासारखा वाटतो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो. पण तो खोलीतील सर्वच स्थिर तरंगांना चेतवतो.

योग्य जागा शोधण्याची एक बिनखर्ची रीत आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जप्रधान संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने वाकून फिरत ऐकावे. जेथे सर्व स्वर सारख्या जोराने ऐकू येतील, तेथे सबवूफर ठेवावा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे.

एकाहून अधिक श्रोते असल्यास दोन सबवूफर उपयोगी पडतात. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसंबंधी केलेल्या अभ्यासानुसार, समोरासमोरील भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन सबवूफरांमुळे निरनिराळ्या आसनांवरील खर्जात फरक कमी राहतो. चारांहून अधिक सबवूफरांचा मात्र विशेष लाभ होत नाही.

उपाय आणि मर्यादा

पातळ पडदे व गालिचे उच्च स्वर शोषतात. खर्जावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. त्यासाठी कोपऱ्यांत जाड शोषके बसवावी लागतात. इक्वलायझरने फुगलेले स्वर कमी करता येतात. परंतु जेथे लहरी एकमेकींना छेदून नाहीशा झाल्या आहेत, तेथे शक्ती वाढवून उपयोग होत नाही. उलट यंत्रावर ताण येतो.

शेजाऱ्यांचा विचार

खर्ज भिंती आणि स्लॅब यांतून सहज पलीकडे जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप कानाच्या संवेदनशीलतेनुसार, म्हणजे ए-भारित पद्धतीने होते. त्यात ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मापकावरील आकडा मर्यादेत असतानाही शेजारच्या घरात धडधड जाणवू शकते. योग्य जागी ठेवलेला सबवूफर कमी आवाजातही समाधान देतो, आणि शेजाऱ्यांची झोपही त्यामुळे अबाधित राहते.