पाप कोणाचं आणि भोग कोणाचा?

मंडळी, आपल्या वऱ्हाडात एक वाक्य फार सहज तोंडातून निघतं. कोणाचा तरणा पोरगा गेला, कोणाच्या घरी अपंग लेकरू जन्मलं, कोणाला तीन सालं लागोपाठ नापिकी झाली, की पारावर कोणीतरी हळूच म्हणतं, "काय पाप केलं असंन बाप्पा मागच्या जन्मी!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्याच्यावर वेळ आली त्याच्या काळजात ते वाक्य रुतून बसतं. दुःख तर असतंच, वरून गुन्हेगारही ठरतो तो.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी, आपल्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. पाच दिवसांनी नाताळ. दोन्ही दिवस एकाच आठवड्यात येतात म्हणून एक विषय मांडतो. ख्रिस्ती धर्म पाप कशाला म्हणतो, आणि त्या विचाराने मराठी मुलखात काय घडवलं? मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. धर्म बदला किंवा बदलू नका, यातलं काहीच मला सांगायचं नाही. इतिहास म्हणून वाचा.

पहिले शब्द पाहू. नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे पापासाठी जो शब्द येतो तो आहे 'हमार्तिया'. नेम चुकणे, असा त्याचा जुना अर्थ. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचाही मूळ अर्थ जवळपास हाच. माणूस ज्यासाठी घडला, म्हणजे देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, तो नेम सोडून बाण भलतीकडे गेला की ते पाप. म्हणून ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे नुसतं नियम मोडणं नाही. नातं मोडणं आहे. देवाशी, माणसाशी, आणि स्वतःशीही.

हा विचार मराठीत फार लवकर आला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि त्याने ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली ते रायतूरला छापलं. आदाम आणि हव्वेची गोष्ट, त्यांच्या हातून घडलेलं पहिलं पाप, हे सगळं आपल्या पुराणाच्या चालीवर. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं! मराठी माणसाला कळेल अशा शब्दात सांगायची त्याची धडपड होती.

पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायासनही होतं. तिथे पाप कोणतं हे चर्चची सत्ता ठरवायची आणि शिक्षाही तिच्याच हुकमाने व्हायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी झाकायची नाही. पापाची व्याख्या ज्याच्या हाती जाते, त्याच्या हाती लोकांची मानही जाते. हे कोणत्याही धर्माला लागू आहे.

आता मुद्द्याचं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. एक जन्मांध माणूस रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापाने, याच्या स्वतःच्या की याच्या आईबापाच्या? आपल्या पारावरचाच प्रश्न नाही का हा? येशूचं उत्तर असं, की याच्याही पापाने नाही आणि आईबापाच्याही नाही. मग तो त्या माणसाला बरं करतो. म्हणजे दुःखी माणूस दिसला तर त्याच्या खात्यात मागची बाकी शोधत बसू नका, आत्ता काय करता येईल ते करा.

या उत्तराचं वजन कळायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही लेक. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाने तीर्थयात्रा केल्या, व्रतं केली, होतं नव्हतं ते दानात घातलं. आईबाप आणि बहीण गेले. पुढे लग्न झालं आणि थोड्याच काळात, १८८२ मध्ये, नवराही गेला. विधवेचं वैधव्य म्हणजे तिच्याच मागल्या जन्मीच्या पापाची शिक्षा, हा समज बायकांना कसा छळतो ते रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडलं. विचार करा, आठ-दहा वर्षांची पोर, नवऱ्याचं तोंडही नीट न पाहिलेली, आणि सारं घर तिला म्हणतं की तूच त्याला खाल्लं.

रमाबाई इंग्लंडला गेल्या, १८८३ साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधलं एक घर दाखवलं होतं. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायांना तिथे प्रेमाने सांभाळलं जायचं. अशा बायांची एवढी कणव का, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरात त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. पाप आणि पापी यात फरक करायचा, पापाला पाप म्हणायचं पण माणसाला टाकून द्यायचं नाही, हे त्यांना तिथे भिडलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि अनाथ, निराधार पोरींना शेकडोंनी घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. दुष्काळग्रस्त पोरींना भाकर देऊन बाटवलं, असा आरोप मिशनऱ्यांवर तेव्हाही झाला. त्या वादाची चर्चा व्हायलाच हवी. पण त्या पोरींना आसरा द्यायला त्या वेळी आपल्यातले किती जण पुढे आले होते, हेही त्याच चर्चेत विचारलं पाहिजे.

दुसरं उदाहरण घरचं. कुष्ठरोगाला आपण 'महारोग' म्हणायचो आणि तो महापापाचं फळ मानायचो. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ साली त्याचा जंतू शोधला, म्हणजे पापाचा काही संबंध नाही हे विज्ञानाने तेव्हाच सांगितलं. तरी रोग्याला गावाबाहेरच राहावं लागलं. आपल्या परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा जुना दवाखाना आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे आपले दाजीसाहेब, यांनी तपोवन उभं केलं. एक ख्रिस्ती काम, एक हिंदू माणसाने उभारलेलं. पण दोघांनीही पारावरचा तो प्रश्न बाजूला सारला आणि जखमा धुतल्या. १९८१ पासून बहुविध औषधोपचार आला, आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो. आणि कायदा? जोडीदाराला कुष्ठरोग आहे, या कारणावर घटस्फोट मागायची सोय आपल्या देशात २०१९ पर्यंत होती. हिंदूंच्या कायद्यात होती तशी ख्रिश्चनांच्याही कायद्यात होती. ग्रंथात एक आणि व्यवहारात दुसरं, हा रोग मात्र सगळ्यांना सारखाच लागलेला आहे.

इथे कोणी विचारील, मग ख्रिश्चनांचं ते 'आदिपाप' काय? आदामाचं पाप साऱ्या माणसांवर, हे तर आईबापाचं पाप लेकरावर टाकणंच झालं! प्रश्न बरोबर आहे. चौथ्या-पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने या विचाराला पक्कं रूप दिलं आणि त्यावर ख्रिस्ती पंथांतच आजवर वाद आहेत. कॅथलिक चर्च आज त्याचा अर्थ असा लावतं, की तान्ह्या लेकराने स्वतः काही गुन्हा केलेला नाही. पण जखमी झालेला मनुष्यस्वभाव त्याच्या वाट्याला येतो. स्वार्थाकडे कल आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, तो आतच असतो. यातून एक गोष्ट निघते, आणि ती मला मोलाची वाटते. कल सगळ्यांमध्येच असेल तर कोणीही जन्माने पवित्र नाही आणि कोणीही जन्माने पापी नाही. सगळे एकाच रांगेत. आपल्या जातीच्या उतरंडीला हा विचार का झोंबला असेल ते सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनातून विटाळ हळूहळू कसा गेला ते त्यात आहे. येशूचंही सांगणं तेच, की बाहेरून पोटात जाणाऱ्या गोष्टीने माणूस बाटत नाही, आतून निघणाऱ्या लोभ, कपट, मत्सर यांनी बाटतो. विटाळ वेगळा आणि पाप वेगळं.

वऱ्हाडच्या माणसाला सगळ्यात जवळचा शब्द तर पुढेच आहे. ख्रिस्ती लोक रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्या मराठी रूपात देवाकडे 'ऋण' सोडायची विनंती आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात ऋण, लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पाप. म्हणजे पाप हे कर्ज आहे. कर्ज म्हणजे काय हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळं शिकवायची गरज नाही! एकदा चढलं की झोप जाते, खोटं बोलावं लागतं, एक फेडायला दुसरं काढावं लागतं. पापाचंही तसंच. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं. पण त्या प्रार्थनेत अट आहे. मी माझ्या ऋणकोला सोडलं तर मला सोड. स्वतःला माफी आणि शेजाऱ्याला जप्ती, असं चालत नाही.

आणि माफी म्हणजे फुकटात सुटका नव्हे. यरीहो गावचा जक्कय हा जकातदार. लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा त्याने नुसतं डोकं टेकलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं उभं राहून सांगितलं. घरकुलाच्या हप्त्यातून, रस्त्याच्या डांबरातून खाल्लेले पैसे देवळाच्या कळसाला किंवा चर्चच्या घंटेला देऊन पाप फिटत नाही. ज्याचं होतं त्याला परत गेलं पाहिजे. आपल्या गावागावात पाट्यांवर देणगीदारांची नावं वाचताना हे आठवत जा.

आणखी एक. ख्रिस्ती शिकवणीत केलेलं वाईट जसं पाप, तसं न केलेलं चांगलंही पाप. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी वाटसरूला ओलांडून गेलेल्या दोघांनी त्याला मारलं नव्हतं. ते फक्त थांबले नाहीत. हाच धागा सार्वजनिक जीवनात आणला तो फ्रेडरिक लुईस डोनाल्डसन या इंग्लंडच्या पाद्रीने. १९२५ च्या मार्चमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्याने सात सामाजिक पापं सांगितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी ती यादी 'यंग इंडिया'त छापली. कष्टाविना पैसा, तत्त्वाविना राजकारण, नीतीविना व्यापार, अशी ती यादी. शंभर वर्षं झाली, एकही पाप जुनं झालेलं नाही.

मग पाप टाळायचं कशाला? नरकाच्या भीतीने, असं साधं उत्तर आहे आणि ते पुष्कळ प्रवचनांत दिलंही जातं. पण या परंपरेचं खोल उत्तर वेगळं आहे. पाप माणसाला गुलाम करतं. सुरुवातीला आपण घोट घेतो, नंतर घोट आपल्याला घेतो. पाप एकट्याचं राहत नाही, त्याची किंमत बायकापोरं भरतात. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला दुखवायचं नसतं, म्हणून टाळायचं. भीतीने टाळलेलं पाप अंधार पडला की परत येतं. प्रेमाने टाळलेलं सहसा येत नाही.

हे सगळं वाचताना मला सारखे गाडगेबाबा दिसतात. शेंडगावचा डेबू, बाप दारूपायी गेलेला. देवापुढे बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, हे त्यांनी खराटा हाती घेऊन सांगितलं. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा लोकांना विचारतो तेही जवळपास हेच, की भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, उघड्याला कपडा, परक्याला घर दिलं का, आजाऱ्याला भेटलात का. कोणी कोणाचं घेतलं असं मी म्हणत नाही. बाबा बाबांच्या वाटेने आले. पण दोन्ही वाटा भुकेल्याच्या दारात येऊन थांबतात.

तेव्हा येत्या २० तारखेला पुलाजवळ हात जोडताना एवढं मनात ठेवू. यंदा ज्याच्या वावरात बोंडअळीने पीक खाल्लं, ज्याच्या घरी आजारपण आहे, जी बाई एकटी पडली आहे, तिच्या अंगणात जाऊन "कोणाचं पाप" हे विचारायचं नाही. "काय लागते सांग," हे विचारायचं. तुमच्या गावात हा शब्द कोणाकोणाला लावला जातो, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. नावं नका घेऊ, गोष्ट सांगा.