किडनी बसली, साखर वाढली: गोळ्यांचा सत्तर वर्षांचा प्रवास

भडगाव म्हणजे गिरणाकाठ आणि जळगाव जिल्हा म्हणजे केळी. पण डायलिसिसवरच्या माणसाला इथे केळं नुसतं बघावं लागतं, पोटॅशियम वाढतं ना! मग किडनी बदलते, पथ्य जरा सैल होतं, तोंडाला चव येते. आखाजीला खापरावरची पुरणपोळी, सोबत आमरस. आणि एक दिवस रिपोर्ट येतो, साखर वाढली. आधी कधीच नव्हती! घरचे म्हणतात, खाण्यानेच झालं. खाण्याचा वाटा आहेच, पण मोठा वाटा गोळ्यांचा आहे.

२३ डिसेंबर १९५४, बोस्टन. डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिकची किडनी त्याच्या भावाला, रोनाल्डला नाही, उलट रोनाल्डची रिचर्डला बसवली (नावं ऐकताना गोंधळ होतोच). दोघे एकसारखे जुळे, म्हणून शरीराने ती परकी मानलीच नाही. पण जुळा भाऊ प्रत्येकाला कुठून आणायचा?

१९६३च्या सुमारास डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी अ‍ॅझाथायोप्रिनला स्टेरॉइडची जोड दिली. किडन्या टिकू लागल्या. पण स्टेरॉइडने भूक खवळते, चेहरा गोल होतो आणि इन्सुलिनचा असर कमी पडतो. १९६४ सालीच स्टार्झल यांनी अशा रुग्णांतला मधुमेह नोंदवला. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये पहिला प्रयत्न झाला, रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१ साली वेल्लोरला यश आलं.

मग सायक्लोस्पोरिन आलं, नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून. त्यानंतर जपानच्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतून टॅक्रोलिमस. पहिल्याने बीपी आणि कोलेस्टेरॉल चढतं. दुसरं किडनी जास्त चांगली सांभाळतं, पण स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. किडनी वाचवायची किंमत साखरेत मोजली गेली. ही किंमत लहान नाही, कारण बसवलेली किडनी छान चालू असतानाही माणूस हार्ट अ‍ॅटॅकने जाऊ शकतो.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. किडनी बदलायला तेव्हा अडीच लाखांपर्यंत मदत मिळायची. ऑपरेशनची वाट थोडी सोपी झाली, पण गोळ्या आणि तपासण्या जन्मभराच्या.

आता कोणी म्हणेल, गोळीनेच साखर वाढते तर गोळी बंद करू. अजिबात नको! शरीर किडनी नाकारतं आणि पुन्हा डायलिसिसची खुर्ची. डोस बदलणं डॉक्टरांचं काम.

आणखी एक. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपारनंतर साखर चढवतं. त्यामुळे उपाशीपोटी रिपोर्ट चांगला येतो आणि घरी सगळे खूश. चिठ्ठीवर जेवणानंतरची तपासणी लिहिली असेल, तर पाचोऱ्याहून परतीची गाडी गाठायच्या नादात ती सोडू नका. जेवा, दोन तास थांबा, रक्त द्या, मग निघा.