आपदा मित्र (पालघर जिल्हा)

आपत्तीत मदतीला धावणारे प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवक. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ही योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू केली. पुढे ती ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवली. प्रशिक्षण १२ दिवसांचे. त्यात शोध-बचाव व प्रथमोपचार शिकवतात. पालघरला अशा हातांची निकड मोठी. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. बोईसर-तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने दाटीने उभे आहेत आणि जवळच १९६९ पासूनचे अणुऊर्जा केंद्र आहे. वायुगळती झाल्यास वारा वाहतो त्या दिशेने पळू नये. नाकातोंडावर ओला रुमाल धरून वाऱ्याला आडवे निघावे. कामगार वस्तीतल्या प्रत्येक घराला एवढे तरी ठाऊक हवेच. जिल्हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक १०७७.