भत्त्याचे दोन अर्थ : इंधनाच्या भाववाढीचा आमच्या बाजूने इतिहास

इंधनाचे भाव वाढले की एक वाक्य हमखास ऐकू येते : महागाईला जात नसते, तिची झळ सगळ्यांना सारखीच. मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो तेथील प्राध्यापक-कक्षातही ते अनेकदा उच्चारले जाते. वरवर पाहता ते समतेचे वाक्य आहे. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

माझ्या पगारपत्रकात 'महागाई भत्ता' असा एक रकाना आहे. भाव वाढले की निर्देशांक वाढतो आणि निर्देशांक वाढला की आज ना उद्या हा रकानाही वाढतो. माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचा मालट्रक चालवला. त्याच्याही हिशेबात 'भत्ता' होता. ट्रिपमागे मिळणारा, खाण्यापिण्याचा. डिझेल वाढले की मालक पहिला हात त्या भत्त्याला घाली. भाववाढ एकच, घर एकच, शब्दही एकच. पण मुलाचा भत्ता वर जातो आणि बापाचा खाली येतो. मग झळ सारखी कशी? या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे आपल्या वस्त्यांच्या इतिहासात आहे.

इंधनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा १९७३ पासून सांगितला जातो. त्या वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेल-उत्पादक देशांनी भाव चढवले आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेला. आपला देश बहुतांश तेल बाहेरून आणणारा. पेट्रोल भडकले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. ते छायाचित्र आजही छापले जाते. पण बैलगाडी ज्यांच्या दृष्टीने निषेधाचे प्रतीक नव्हती, जिच्या मागे सरपणाचा भारा घेऊन ज्या बाया पायी चालत होत्या, त्यांचे छायाचित्र कोणी घेतले नाही.

त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने बायकांचे लाटणे मोर्चे निघत होते. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल रास्त भावाने मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी. या आंदोलनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. चूल हा राजकारणाचा विषय आहे, हे त्याने प्रस्थापित राजकारणाला ऐकवले. मात्र त्या काळातल्या लिखाणात बहुधा 'गृहिणी' हा एकच शब्द येतो. जणू प्रत्येक गृहिणीची चूल एकाच इंधनावर पेटत होती! जिच्या ओट्यावर गॅस होता ती, जिच्याकडे स्टो होता ती आणि जिला रोज उठून सरपण शोधावे लागत होते ती, या तिघी एका शब्दात मावत नाहीत.

म्हणून आपला इतिहास १९७३ च्या मागे न्यावा लागतो. गावगाड्यात महाराच्या वतनी कामांत लाकूड फोडणे आणि सरपण पोचवणे हेही होते. दुसऱ्याची चूल पेटती ठेवणे हे ज्याचे जन्मसिद्ध कर्तव्य ठरले, त्याच्या स्वतःच्या चुलीला मात्र कशाचाच हक्क नव्हता. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातली मोळी हा गुन्हा ठरवला किंवा सरकारची मेहेरबानी ठरवली. उरली शेतातली पऱ्हाटी, तुराट्या, बांधावरचा काटा आणि गुरांचे शेण. पण ज्याला शेत नाही त्याला पऱ्हाटी कुठली, आणि ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याला गोवऱ्या कुठल्या? भूमिहीन बाईचे सरपण मालकाच्या बांधावरून यायचे. त्या बांधाचे मोल पैशात नसायचे. ते कधी फुकटच्या राबणुकीत मोजले जायचे, कधी शिवीत, आणि कधी ज्याविषयी आमच्या आज्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत अशा गोष्टींत. गावाने बहिष्कार टाकला की पाणवठ्याइतक्याच तातडीने रान बंद व्हायचे, ते याचसाठी. १९५८ च्या कायद्याने वतन गेले. बांध मात्र मालकाकडेच राहिला.

रेशनच्या रॉकेलचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ते निळ्या रंगाचे असे. भेसळ ओळखता यावी म्हणून सरकार त्यात रंग घालत असे. आमच्या वस्तीत त्याला नुसते 'निळं' म्हणत. माझी माय पाच लिटरचा डबा घेऊन पहाटेपासून रांगेत बसे. रांग लांब, माप कमी, दुकानदाराची अरेरावी वेगळी. तरीही ती एकदा म्हणाली होती, "हितं पैसे देऊन शिव्या खाते; तिकडं शिव्या खाऊन वर हात जोडावं लागायचं." मला वाटते, सार्वजनिक वितरण व्यवस्थेवर लिहिलेल्या अनेक ग्रंथांचे सार या वाक्यात आहे. स्वस्त रॉकेल हे केवळ स्वस्त नव्हते. शिधापत्रिकेवर, नगद मोजून, कोणाच्याही बांधावर पाय न ठेवता मिळणारे ते आमच्या बायांचे पहिले इंधन होते.

हे शक्य कसे झाले तेही समजून घ्यावे. तेलसंकटानंतर १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा शेल आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांचा येथील कारभार सरकारने ताब्यात घेतला. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. भाव ठरवण्याची सूत्रे सरकारकडे आली आणि पेट्रोल चढे ठेवून त्या पैशातून रॉकेल व घरगुती गॅस स्वस्त ठेवण्याची रीत रूढ झाली. मोटारवाल्याने स्टोवालीचा भार थोडा उचलावा, असा हा व्यवहार होता.

पण या व्यवहाराच्या पोटात एक कीड होती, ती आपण झाकू नये. रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात जितके अंतर, तितका भेसळीचा नफा. गरिबांच्या नावाचे निळे तेल टँकरमध्ये जाऊ लागले. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. तेथेच २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. मी तेव्हा पदवीचे शिक्षण घेत होतो. चोरी करणारे कोण आणि त्यांना पाठीशी घालणारे कोण, हे त्या परिसरात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण पुढे निष्कर्ष निघाला तो वेगळाच : अनुदान आहे म्हणून चोरी आहे, तेव्हा अनुदानच नको. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा चढवत नेऊन २०२० पर्यंत केंद्राचे अनुदान संपवण्यात आले. चोर राहिला बाजूला. शिक्षा रांगेतल्या बाईला झाली.

आता ट्रककडे वळू. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी भावातून मोकळे झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल, आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. याच काळात कराचे काय झाले? एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होते. मे २०२० मध्ये ते ३१ रुपये ८३ पैसे झाले. तेव्हा टाळेबंदीमुळे जगात तेल मातीमोल झाले होते. भाव चढतात तेव्हा 'बाजार' म्हणून ते ग्राहकावर पडतात आणि उतरतात तेव्हा 'कर' म्हणून सरकारजमा होतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने लिटरला शंभरी गाठली. त्यानंतर, नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये, शुल्क काही प्रमाणात उतरवले गेले.

ट्रक चालवण्याच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा. भाडे मात्र त्या वेगाने वाढत नाही. मोठ्या कंपनीचा वाहतुकीचा करार आधीच ठरलेला असतो. मधला दलाल आपली दलाली सोडत नाही. एक-दोन गाड्यांचा मालक कर्जाच्या हप्त्याखाली असतो. त्याला वर बोलता येत नाही, म्हणून तो खाली दाबतो. खाली असतो ड्रायव्हर. मालक डिझेल मोजून देतो. ठरलेल्या 'ॲव्हरेज'पेक्षा जास्त जळले तर पैसे ड्रायव्हरच्या हिशेबातून कापतो. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. खर्च वाचवण्यासाठी तो गेला आणि त्याचे कामही ड्रायव्हरवर आले. माझा बाप कांद्याची भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरायचा तेव्हा डिझेल वाचावे म्हणून ती न्यूट्रलमध्ये सोडायचा. हे त्याने मला फार उशिरा सांगितले. उतारावर भरलेली गाडी गिअर काढून सोडणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर आणि ब्रेकचा भरवसा दैवावर. डिझेलच्या भावाचा हा आकडा कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

यावर कायदा नव्हता काय? होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, विश्रांती, रजा, सारे त्यात लिहिलेले होते. पण तो लागू होत असे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. आणि आपल्या देशातले बहुसंख्य मालक मोजक्याच गाड्यांचे. म्हणजे कायदा महामार्गावर उभा होता आणि गाड्या त्याच्या बाजूने निघून जात होत्या.

येथे दोन संपांची तुलना बोधप्रद ठरेल. जुलै २०१८ मध्ये डिझेलच्या भावावरून मालट्रकांचा आठवडाभर देशव्यापी संप झाला. तो मालकांच्या संघटनेचा संप होता. संपकाळात ड्रायव्हरच्या घरी काय शिजले, हा त्याच्या मागणीपत्राचा विषय नव्हता. पुढे १ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हरांनी स्वतःच चाके थांबवली. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, त्याविरुद्ध हा उद्रेक होता. पानेवाडीचे टँकर थांबले आणि महाराष्ट्रातल्या पंपांवर रांगा लागल्या. सरकारने दुसऱ्याच दिवशी चर्चा केली, आश्वासन दिले. पण चर्चेला बसली कोण? मालवाहतूकदारांचीच अखिल भारतीय संघटना. ज्याने चाक थांबवले त्याला खुर्ची नव्हती. संघटना नाही म्हणून प्रतिनिधी नाही, आणि प्रतिनिधी नाही म्हणून इतिहासात नोंद नाही.

आणि चूल? २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीव्या जोडणीचा समारंभ तेव्हाच्या औरंगाबादेत झाला. वस्तीत गॅस आला ही चांगलीच गोष्ट आहे. माझ्या मायचे डोळे धुराने गेले, मी तिला नावे ठेवणार नाही. पण जोडणी म्हणजे इंधन नव्हे. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार, जोडणीला वर्ष उलटलेल्या उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी चार टाक्याही भरलेल्या नव्हत्या. पुढे टाकी हजाराच्या वर गेली. मे २०२२ मध्ये दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीनशे रुपये अनुदान या घरांना देण्यात आले. परंतु ज्या बाईची मजुरी रोजची आहे तिने टाकीचे पूर्ण पैसे एकदम आणायचे कोठून? रॉकेल लिटरभर घेता येत होते. मग रिकामी टाकी कोपऱ्यात उभी राहते, तिच्यावर देवाचा किंवा बाबासाहेबांचा फोटो ठेवला जातो आणि बाई पुन्हा सरपणाला निघते. कोणाच्या बांधावर? त्याच बांधावर! इंधनाच्या भाववाढीचा आपल्या दृष्टीने खरा अर्थ हा आहे. तिच्यामुळे नुसता खर्च वाढत नाही. सुटलेली माणसे पुन्हा मालकाच्या बांधावर जातात.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पुढे मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युत-धोरण समितीसमोर त्यांनी वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, असा विचार मांडला. या दोन भाषणांना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो : एक चळवळीचे, दुसरे प्रशासनाचे. माझ्या मते ती एकाच विचाराची दोन टोके आहेत. ऊर्जा कोणाच्या हाती आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आपल्या चळवळीने पाण्यासाठी महाडचा संग्राम केला. जमिनीसाठी सत्याग्रह केले. सरपणाचा सत्याग्रह मात्र आपण केला नाही. तो बायकांचा विषय म्हणून घरात राहिला, आणि ड्रायव्हरचा प्रश्न रस्त्यावरचा म्हणून रस्त्यावर राहिला. आणि आम्ही, महागाई भत्ता घेणारे पहिल्या पिढीचे पदवीधर, 'झळ सगळ्यांना सारखीच' या वाक्याला मान डोलावत राहिलो. त्या डोलावण्यात आमचा स्वार्थ आहे, हे मी स्वतःपासून सुरुवात करून कबूल करतो.

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत दोन साध्या नोंदी कराव्यात : गेल्या वर्षी या घराने किती टाक्या भरल्या, आणि या घरातल्या ड्रायव्हरचा भत्ता डिझेल वाढल्यावर किती झाला. माझ्या वर्गातल्या मुलांना मी या वर्षी हेच काम दिले आहे. पहिली वही एका मुलीने आणली. तिने टाक्यांच्या रकान्यात 'दोन' लिहिले होते, आणि बाजूला कोणीही न विचारता, सरपण ज्याच्या शेतातून येते त्याचे आडनाव.