रंगीत कागद, भिजलेले वाटाणे आणि टकळी : मुलांच्या हस्तकलेचा इतिहास

१/
ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने आपल्या राज्यातील एका विशिष्ट प्रकारच्या शाळांवर बंदी घातली. या शाळांत लिहितावाचता न येणारी लहान मुले येत. ती कागदाच्या घड्या घालत, रंगीत पट्ट्या विणत, लाकडी ठोकळे रचत आणि मातीला आकार देत. राज्यसत्तेला धोका वाटावा असे त्यात काय होते? या प्रश्नापासून निघणारा हा धागा वर्ध्याची टकळी आणि बोर्डीचे शंखशिंपले यांच्यापर्यंत पोहोचतो.

२/
'हस्तकला' म्हटले की आज घोटीव कागद, कात्री आणि डिंकाची बाटली डोळ्यांपुढे येते. शाळेत मात्र हा विषय फार उशिरा आला. शाळा म्हणजे अक्षर, अंक आणि पाठांतर. हातकाम शिकायचे ते घरी किंवा कारागिराच्या हाताखाली. भारतात तर कोणता हात काय शिकणार हे जन्मानेच ठरत असे. कुंभाराच्या मुलाच्या वाट्याला माती येई आणि कुलकर्ण्याच्या मुलाच्या वाट्याला बोरू. या दोन हातांची अदलाबदल सहसा होत नसे.

३/
हातकामाला बालशिक्षणाच्या मध्यभागी आणणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक फ्रोबेल. जन्म १७८२, जर्मनीतील थुरिंगिया प्रदेशात, एका धर्मोपदेशकाच्या घरी. वर्षाचा होण्याआधीच त्याची आई वारली. तरुणपणी त्याने वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केली. पुढे बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियान साम्युएल वाइस यांच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम केले. ओबडधोबड दिसणाऱ्या दगडातही नियमबद्ध रचना असते, हा संस्कार त्याच्या मनावर तेथे झाला.

४/
१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी खेळ आणि कृती यांवर आधारलेली संस्था काढली. १८४० मध्ये तिला त्याने 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याचा अर्थ मुलांची बाग, म्हणजेच मराठी शिक्षणग्रंथांतील 'बालोद्यान'. रोप वाढते ते आपल्या अंगच्या शक्तीने. माळी फक्त माती, पाणी आणि प्रकाश यांची काळजी घेतो. शिक्षकाची भूमिकाही तशीच असावी, असे फ्रोबेलचे मत होते.

५/
या बागेतील साहित्य दोन प्रकारचे होते. पहिल्या प्रकाराला 'देणग्या' म्हणत. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचितीची, तर तिसरी आठ छोट्या घनांत विभागता येणाऱ्या एका मोठ्या घनाची. मुलाने घन मोडावा, त्याची खुर्ची करावी, जिना करावा आणि शेवटी तोच घन पुन्हा जुळवावा. संपूर्ण वस्तू आणि तिचे भाग यांचे नाते पुस्तकाविना हाताला कळे.

६/
दुसरा प्रकार 'उद्योगां'चा. यात कागद दुमडणे, कातरणे, विणणे, पुठ्ठ्याला टोचून त्यातून दोरा ओवणे आणि मातीकाम होते. आज बालवाडीत जे हस्तकलेचे प्रकार चालतात, त्यांपैकी कितीतरी या यादीतून आलेले आहेत. देणग्यांचे साहित्य खेळ संपला की मूळ रूपात परत ठेवता येई. उद्योगांत मात्र साहित्य कायमचे बदलत असे. कातरलेला कागद पुन्हा अखंड होत नाही. म्हणून येथे मुलाला निर्णय घ्यावा लागे आणि त्याचा परिणाम स्वीकारावा लागे.

७/
आता बंदीकडे वळू. १८४८ च्या क्रांतीची धग नुकतीच शमली होती आणि सत्ताधारी वर्ग प्रत्येक नव्या कल्पनेकडे संशयाने पाहत होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने स्त्रियांचे उच्च शिक्षण आणि बालोद्याने यांविषयी एक पुस्तिका लिहिली होती. ती पाहून काका-पुतण्यांची गल्लत झाली आणि या शाळा नास्तिकता व समाजवाद पसरवतात, असा ठपका आला. फ्रोबेलने खुलासा केला. सरकार बधले नाही. २१ जून १८५२ रोजी तो वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये.

८/
संशयाचे निमित्त चुकीचे होते; पण त्यामागची भीती अगदीच निराधार नव्हती. आज्ञा पाळण्याआधी स्वतः रचून पाहण्याची सवय लागलेले मूल पुढे कसे नागरिक होईल, हा प्रश्न कोणत्याही एकतंत्री सत्तेला अस्वस्थ करणाराच होता. शिवाय बालोद्यानांनी स्त्रियांना शिक्षिकेचा व्यवसाय खुला करून दिला. त्याच स्त्रियांनी ही पद्धत देशोदेशी नेली. १८५६ मध्ये मार्गारेटे शुर्झ यांनी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे, जर्मन भाषेतील बालोद्यान सुरू केले.

९/
या साहित्याचा परिणाम काय झाला? १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका मातेने फ्रोबेलच्या देणग्या पाहिल्या आणि आपल्या मुलासाठी आणल्या. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते गुळगुळीत लाकडी ठोकळे आपल्या बोटांत आयुष्यभर राहिले, अशा आशयाचे त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे.

१०/
दुसरे उदाहरण बकमिन्स्टर फुलर याचे. फ्रोबेलच्या उद्योगांत एक होता भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या जोडण्याचा. फुलरची दृष्टी लहानपणी फार अधू होती. इतर मुले डोळ्यांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोन जोडत. त्याचे चौकोन मात्र हातात डगमगत. चाचपडत त्याने त्रिकोण जोडला आणि तो घट्ट उभा राहिला. ही आठवण तो पुढे स्वतः सांगत असे. त्याच्या प्रसिद्ध घुमटांचा आधारही त्रिकोणच आहे.

११/
हा प्रयोग आजही घरी करता येतो. वाटाणे रात्रभर भिजवावेत आणि निथळून पुसून घ्यावेत. दात कोरण्याच्या काड्यांची टोके त्यांत खुपसून एक चौकोन आणि एक त्रिकोण करावा. दोन्ही हळूच दाबून पाहावेत. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. मग मुलाला एकच प्रश्न विचारावा : चौकोन घट्ट करायला आणखी एक काडी कोठे लावशील? काही वेळाने ती तिरकी बसते. वाटाणे वाळले की सांधे आणखी पक्के होतात. रेल्वेच्या पुलातील तिरप्या तुळयांचे कारण तेथेच हाती लागते. वाटाणा तोंडात किंवा नाकात जाऊ शकतो आणि काडीला टोक असते. म्हणून अगदी लहान मुलांसाठी हा खेळ नव्हे, मोठ्यांनाही जवळ बसावे.

१२/
फ्रोबेलचा कागद भारतात एका वेगळ्याच माणसाच्या हाती पडला. मद्रास इलाख्यातील महसूल खात्याचे अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून घडीकामातून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालोद्यानाच्या आठव्या देणगीवरून, म्हणजे रंगीत चौरस कागदांच्या संचावरून, ही कल्पना सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. थोर जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. बालवाडीचा खेळ गणितज्ञांच्या टेबलावर पोहोचला.

१३/
त्या परंपरेतील एक सोपी कृती. चौरस कागद उभा मधोमध दुमडून उलगडावा, मध्यरेषा उमटते. आता खालचा डावा कोपरा स्थिर ठेवून खालचा उजवा कोपरा उचलावा आणि नेमका मध्यरेषेवर टेकवावा. तो जेथे टेकला तेथे खूण करावी. ही खूण आणि खालचे दोन कोपरे जोडले की समभुज त्रिकोण मिळतो. पट्टी नाही, कंपास नाही. कारण असे : उचललेली कड ही चौरसाचीच बाजू आहे, म्हणून लांबी तीच. आणि मध्यरेषेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर असतो, म्हणून तिसरी बाजूही तेवढीच.

१४/
तथापि या पद्धतीला लवकरच गंज चढला. फ्रोबेलच्या पश्चात अनेक बालोद्यानांत देणग्यांचा क्रम हा कर्मकांडासारखा पाळला जाऊ लागला. शिक्षिकेने आज्ञा द्यायची आणि सर्व मुलांनी एकाच वेळी तीच घडी घालायची. अमेरिकेत स्टॅन्ली हॉल आणि जॉन ड्यूई यांनी या यांत्रिकतेवर टीका केली. शिकागोत १८९६ मध्ये प्रायोगिक शाळा काढणाऱ्या ड्यूई यांनी स्वयंपाक, सुतारकाम आणि विणकाम ही खरीखुरी कामे वर्गात आणली. हस्तकलेपुढचा पहिला धोका तेव्हाच स्पष्ट झाला होता. तो म्हणजे नमुन्याची नक्कल.

१५/
दुसरा धोका भारतात दिसला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि एखादा उत्पादक हस्तोद्योग त्याच्या केंद्रस्थानी असावा, असे ठरले. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिवसात ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. टकळीवर सूत काढताना तार मोजण्यातून गणित, कापसातून शेती आणि भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास शिकवावा, अशी ही 'नई तालीम' होती.

१६/
या योजनेचे सामाजिक मोल मोठे होते. ज्या देशात हाताने काम करणारा हलका आणि लेखणी चालवणारा श्रेष्ठ मानला जाई, तेथे ती सर्वांच्या हाती एकच टकळी देत होती. श्रमजीवी आणि बुद्धिजीवी यांच्यातील भिंत पाडणे हा हेतू समितीने स्पष्ट नोंदवला होता. पण मुलांच्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षाही मूळ विचारात होती. मग शाळा हा कारखाना होईल काय? खुद्द समितीनेच इशारा दिला होता की आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्देशाचा बळी जाऊ शकतो. नक्कल हा पहिला धोका. उत्पन्नाचा हिशेब हा दुसरा.

१७/
या दोन्हींतून वाट काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि गरीब वस्तीतली मुले शाळेकडे फिरकत नव्हती. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली. शंख, शिंपले, बिया, खडे, पाने हे परिसरात फुकट मिळणारे साहित्यच शैक्षणिक साधन झाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही भरली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला.

१८/
हाच धागा विज्ञानशिक्षणातही दिसतो. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या कारखान्यातील तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांत आगपेटीच्या काड्या बसवल्या की त्रिकोण, चौकोन, घन असे हवे ते सांगाडे तयार होतात, हे त्यांनी दाखवले. फ्रोबेलच्या वाटाण्याची जागा रबराने घेतली. त्रिकोणाचा घट्टपणा तोच राहिला.

१९/
१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' शालेय शिक्षणात असावा अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना हा विषय वेळापत्रकातील एका तासिकेच्या रूपाने आठवतो. आज दुकानात 'प्रोजेक्ट' तयार मिळतो, उरलेसुरले काम रात्री पालक करतात आणि गुण मुलाला मिळतात. या व्यवहारात मुलाचा हात कोठेच लागत नाही. नक्कल आणि हिशेब यांच्या पुढची ही तिसरी अवस्था म्हणावी लागेल. येथे वस्तू हजर असते आणि बालक गैरहजर.

२०/
या साऱ्या इतिहासातून हाती येणारी कसोटी साधी आहे. पंचवीस मुलांनी केलेल्या पंचवीस वस्तू अगदी एकसारख्या दिसत असतील, तर त्या कामात निर्णय मोठ्यांनी घेतले असे खुशाल समजावे. एखादा त्रिकोण वाकडा, एखादी विण सैल, एखादे घर कलते असेल, तर तेथे कोणीतरी विचार करत होते. म्हणून मुलासमोर कागद ठेवताना पूर्ण झालेला नमुना शेजारी ठेवू नये आणि वाकडी घडी पडली तर ती आपल्या हाताने सरळ करू नये. ती कशामुळे वाकडी झाली, एवढेच विचारावे. (समाप्त)