ताणतणाव, शरीर आणि उपाय : ‘ध्यान कर’ एवढेच सांगून भागणार नाही

ताण म्हणजे मनाचे खेळ, अशी समजूत आपल्या वस्त्यांमध्ये अजून आहे. प्रत्यक्षात तो शरीरात घडतो. संकट जाणवले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते, पचन मंदावते. समोर साप आला तर हीच व्यवस्था जीव वाचवते, आणि साप गेला की शांत होते.

जालना जिल्ह्यातला ताण असा येऊन निघून जाणारा नाही. पेरणीनंतर पावसाने दिलेली ओढ, सावकाराचे कर्ज, ऊसतोडीला गेलेले आईवडील, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहण्यात सरणारे वय, आणि जातीवरून ऐकावे लागणारे टोमणे. हे महिनोन्‌महिने चालते. मग झोप मोडते, पित्त होते, डोके दुखते, मुलींची पाळी अनियमित होते, वारंवार आजारपण येते. वर्षानुवर्षे असेच राहिले तर उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह आणि नैराश्याचा धोका वाढतो. यावर उतारा म्हणून घेतलेली दारू झोप आणते असे वाटते, पण ती झोप तुटक असते.

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचे उदाहरण दिले आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर शोक करत माणूस जणू दुसरा बाण स्वतःच्या मनात रुतवून घेतो. साधना हा दुसरा बाण टाळायला शिकवते. पण पहिला बाण खरा असतो, हे विसरता कामा नये. नापिकी आणि अपमान डोळे मिटून जात नाहीत. त्यासाठी पीक विमा, कायदा आणि संघटना लागते. पिचलेल्या माणसाला नुसते ‘ध्यान कर’ म्हणणे हे त्यालाच दोषी धरण्यासारखे आहे.

तरीही आनापान उपयोगी आहे, यात शंका नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास संथ झाला की हृदयाची गतीही उतरते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णालयातील रुग्णांसाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचे मूळ बौद्ध साधनेतच आहे. मात्र गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाण्याआधी केंद्राला आजाराची पूर्ण माहिती द्यावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

कार्यकर्त्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भिक्खू सोण चंक्रमण करत पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालले, तेव्हा बुद्धांनी त्यांना वीणेच्या तारांची आठवण दिली : फार ताणल्या तरी सूर नाही, फार सैल सोडल्या तरी नाही. जयंतीच्या महिन्यात रात्र-रात्र जागणाऱ्यांनी, जेवण विसरून मोर्चे बांधणाऱ्यांनी हे स्वतःला लावून पाहावे. कामे वाटून घ्या, झोप घ्या.

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. पण प्रत्येक वेळी तेवढ्या दूर जावे लागत नाही. जिल्हा रुग्णालयात विचारणा करा. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालना जिल्हा होता, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन मानसिक आरोग्याची विचारपूस करावी अशी योजना होती. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामाची इच्छा गेली असेल तर थांबू नये. कोणी ‘आता जगून काय करायचं’ म्हणत असेल, तर जिवाचं काही करून घेण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, आणि घरातले कीटकनाशक त्याच दिवशी कुलपात ठेवा किंवा शेजाऱ्याकडे नेऊन द्या.