मोसम आणि मान्सून

'मान्सून आला' असे म्हणताना आपल्याला पाऊस अभिप्रेत असतो. शब्द मात्र वाऱ्याचा आणि त्याही आधी काळाचा आहे. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ. १५व्या शतकात इब्न माजिद या अरब नाविकाने तो समुद्रप्रवासास अनुकूल मुदतींसाठी वापरला. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोंसांव' केले आणि इंग्रजीमार्गे तो 'मान्सून' होऊन मराठीत आला. फारसीच्या वाटेने तोच शब्द 'मोसम' या रूपात आला. एकाच शब्दाचे आपण दोनदा स्वागत केले आणि नाते विसरलो. 'मोसमी वारे' या पाठ्यपुस्तकी संज्ञेत त्याचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. आम्हांस वाटते, खलाशी वाऱ्याची वाट पाहत होता, शेतकरी पावसाची. वाट पाहणारा बदलला, तसा अर्थही बदलला.